वंदनाचा भाऊ

हे मी माझ्या नवऱ्यालेही सांगितलं नाही. आता तुम्हाले सांगून टाकते, कारण पोटात ठेवून ठेवून मले स्वतःचाच वीट आला आहे.

हुडकेश्वरले आमचं घर. खाली आम्ही, वर दोन भाडेकरू. पोराचं लग्न ठरलं अन् वरचा एक ब्लॉक खाली करायची वेळ आली. कोणाले काढायचं? अहो, यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? एकीकडे भोयर — उन्हाळाभर कूलरसाठी माझी टाकी कोरडी करणारे, जिन्यात चपलांचा ढीग, अन् काही बोललं की भोयरबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू. डोक्याले ताप नुसता! दुसरीकडे वंदना. नवरा वारलेला, दवाखान्यात नोकरी, पोरगी दहावीत. माझे गुडघे धरले की न सांगता माझे कपडे वाळत घालून जायची.

मी भोयरलेच काढायले गेली — खरंच गेली हो. वाक्य पाठ करत जिना चढली. भोयरबाईनं दार उघडलं, कमरेवर हात. "काय झालं वं काकू? पुन्हा पाण्याचंच रडगाणं काय?" पाठ केलेलं वाक्य मी गिळून टाकलं. म्हटलं, "काही नाही, कढीपत्ता पाहिजे काय विचारायले आली." कढीपत्ता! दार बंद झालं. मी तिथंच वळली अन् समोरचं दार वाजवलं.

वंदना एवढंच म्हणाली, "पोरीची परीक्षा होऊ द्या नं काकू." मी म्हटलं, रंगवाला ठरला आहे, जमत नाही. ती बरं म्हणाली. अन् राग मले तिचाच आला — ही भांडत काहून नाही? चोर तो चोर, वर शिरजोर — ती मीच!

इथपर्यंत भित्रेपणा. पण गल्लीतल्या बाया विचारून राहिल्या होत्या — चांगली बाई काढली अन् कटकट ठेवली, असं काहून? आता मी भोयरबाईले भिते, हे कोणत्या तोंडानं सांगू? संक्रांतीच्या हळदीकुंकवात एकीनं छेडलंच, अन् मी बोलून गेली, "जाऊ द्या बाप्पा, तिच्याकडे एक माणूस येते. मुक्कामाले राहते."

तो माणूस म्हणजे वंदनाचा सख्खा भाऊ. शेतातलं धान निघालं की त्यांच्या गावावरून, कुहीवरून, बहिणीसाठी नव्या तांदळाचं पोतं घेऊन यायचा, शेवटची बस हुकली की थांबायचा. त्यातला पायलीभर तांदूळ आधी माझ्या घरी पोचायचा. त्या तांदळाचा भात मी देवापुढे नैवेद्याले ठेवला आहे. तो कोण, हे मले माहीत नव्हतं काय? बोलली तेव्हाही माहीत होतं.

बरं, तोंडातून निसटलं, असंही म्हणता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एका घरमालकाचा फोन आला. वंदना त्यांची खोली पाहून आली होती. म्हणाले, लोक काहीबाही बोलून राहिले, पण बाई म्हणते आमच्या काकूले विचारा, त्या माझ्या भावाले ओळखतात. "भाऊच आहे नं तो?"

एका शब्दाचं काम होतं — हो. पण हो म्हटलं की त्या बायांपुढे मी खोटी पडते. म्हटलं, "भाऊ म्हणते बा. आपण कशी खात्री द्यायची?"

खोली तिले मिळाली नाही. आमच्या भागात कुठंच मिळाली नाही. परीक्षेच्या तोंडावर मायलेकी सामान टेम्पोत घालून कुहीले गेल्या. पोरगी बसनं जाणं-येणं करून पेपर देणार होती.

निघताना वंदना पाया पडायले खाली आली. तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, "लोकंच तसे, काकू. तुम्ही तर फोनवर सांगितलंच असन."

मी म्हटलं, "हो वं. मी तर सांगितलं होतं."