नवरात्रात बंद केलेली गोळी

गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि मला ती सोडायची होती. मी नांदेडच्या एका खासगी शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवते. सकाळी गोळी घेतली की पहिल्या तासाला डोळे जड व्हायचे, फळ्यावर अक्षर घसरायचं. आईचं कारण वेगळं होतं. दिवाळीनंतर स्थळं बघायची होती आणि पाहुण्यांनी विचारलंच तर ‘पोरीला कसलंच औषध नाही’ हे तिला खोटं न बोलता सांगायचं होतं.

मनाच्या आजाराचे डॉक्टर लातूरचे. नांदेडात डॉक्टर नव्हते असं नाही, पण इथले निम्मे मेडिकलवाले बाबांच्या ओळखीचे. म्हणून दर दोन महिन्यांनी मी आणि आई एसटीने लातूरला जायचो, गोळ्याही तिथूनच घ्यायचो. शेजाऱ्यांनी विचारलं तर मावशीकडे गेलो होतो म्हणायचं. लातुरात आम्हाला मावशी नाही.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सूचनांचा एक कागद दिला होता, इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे तो वाचून सांगायचं काम माझं. मी बहुतेक सगळं सांगितलं. ‘गोळी अचानक बंद करू नये’ एवढी ओळ गाळली. तेव्हा काही ठरवलं होतं असं नाही. एक दार उघडं असावं, इतकंच.

गेल्या नवरात्रात घरी घट बसले त्या दिवशी आई म्हणाली, “नऊ दिवस देवीचं कर. उपास धर, गोळी राहू दे. जेवल्यावरच घ्यायची म्हणतेस ना? मग उपासाला कशी चालंल?”

जेवणानंतरची ओळ मी सांगितली होती. मी हो म्हणाले.

गल्लीतल्या पाच-सहा बायका नऊ दिवस पहाटे अनवाणी देवीच्या देवळापर्यंत चालत जातात. समोरच्या काकूंनी मलाही ओढलं. मी सगळ्यांत मागे असायची. तिसऱ्या दिवशी खडा टोचला म्हणून थांबले, तर एकजण म्हणाली, “मास्तरीणबाई, दुखून राहिलं का?”

“तिला इंग्रजीत दुखतंय,” काकू म्हणाल्या. “तुला कळायचं न्हाई.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. कोणासमोर हसून बरेच दिवस झाले होते. त्या सकाळी वर्गात मला झोप आली नाही. वाटलं, झालं. आपल्याला चालणंच हवं होतं, उगाच दोन वर्षं घालवली.

पाचव्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. आईला सांगितलं. “उपास हाय माय, चक्कर येतीच,” म्हणत तिने खजूर घालून दूध दिलं. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. उपास सुटल्यावर झटके हळूहळू थांबले, तेव्हा आम्हा दोघींची खात्रीच झाली. गोळी पुन्हा सुरू करायचा विषय कोणी काढला नाही.

दसऱ्यानंतर बायकांचं चालणं संपलं. काकूंना दिवाळीचं आवरायचं होतं. एकटीने जायचं म्हणून मी दोन दिवस चप्पल घालून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. महिनाभरात वह्या तपासायच्या राहू लागल्या, मग केस विंचरायचे. एका दुपारी घंटा झाली आणि मला खुर्चीतून उठताच आलं नाही. मोठ्या बाईंनी रिक्षा बोलावून घरी पाठवलं.

लातूरला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“चालून बरं वाटत होतं?”

“हो.”

“आणि गोळीने?”

“तेव्हाही बरंच होतं. फक्त झोप यायची.”

“दोन्ही एकाच महिन्यात थांबलं. आता नेमकं कशानं बिघडलं, हे मी कसं सांगू?” ते रागावले नाहीत. गोळी सकाळऐवजी रात्री जेवल्यावर घे, चालणं चालू ठेव, आणि पुढे कमी करायची झाली तर एका वेळी एकच गोष्ट बदलू, म्हणाले.

आई खुर्चीत पुढे सरकली. “एकदम सोडायची नसती, तर कागदावर लिहायला काय झालं होतं?”

“लिहिलंय की.” त्यांनी फाईलमधला कागद तिच्यासमोर फिरवला आणि ओळीवर बोट ठेवलं. आईने त्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

परतीच्या एसटीत अहमदपूर मागे पडलं. खिडकीकडेच बघत आई म्हणाली, “अजून काय काय गाळलंस?”

मी सांगितलं. बरा व्हायला वेळ लागणारा आजार आहे, गोळी कदाचित आणखी वर्षभर लागेल, सगळं. माझ्यात काही झाकून ठेवायचं त्राण उरलं नव्हतं.

“मग पाहुण्यांना काय सांगायचं?”

“चालू आहे म्हणून.”

“अन् उठून गेले तर?”

“तर जातील.”

लोहा आलं. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आई म्हणाली, “सकाळी चालायचं काकूला मी विचारते. तुझ्यानं व्हायचं न्हाई.”

“काय सांगशील तिला?”

“बघते,” आई म्हणाली. “मावशीकडं गेलतो, असं न्हाई सांगत.”