विलासरावांचा माल

विलासराव संगणकावर एखादा जुना फोटो मोठा करायचे, खुर्ची मागे ढकलायचे आणि म्हणायचे, "लई भारी माल हाय!" लेण्यातलं कमळ असो, हिमरू शालीवरची वेल असो की कुणाची तरी आजी, संग्रहालयाने डिजिटल करून सगळ्यांना वापरायला दिलेलं जे जे होतं, ते त्यांच्या लेखी माल. गारखेड्यातल्या त्यांच्या डिझाइन स्टुडिओत मी कामाला होते. पायपुसण्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळीकडे त्यांनी संस्कृती जपली. स्वतः मात्र संग्रहालयात कधी पाऊल टाकलं नाही. "तिथं जाऊन काय करायचं? सगळं इथंच येतंय की!"

एका मसाल्याच्या पाकिटासाठी त्यांनी एक तरुण बाई निवडली. फोटोखाली एवढंच लिहिलेलं होतं: अनोळखी स्त्री, सोयगाव. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं.

"फोटो जुना हाय, कुंकू उडालंय," विलासरावांनी निदान केलं.

"सर, विधवा असेल," मी म्हटलं.

"मसाल्यावर विधवा? येडी का काय तू!"

आणि त्यांनी स्वतः माऊस हातात घेऊन तिला ठसठशीत कुंकू, नथ, हिरवा चुडा सगळं चढवलं. वर स्वतःवरच खूश झाले.

पाकीट दुकानात आलं आणि काही दिवसांनी सोयगावचे एक म्हातारे गृहस्थ ते हातात धरून आमचा पत्ता शोधत आले.

"ही माझी आई. बाप गेल्यावर जमीन नावावर करायला काढलेला फोटो हाय ह्यो. घरात तिचा एक बी फोटो नाय. हे अंगावरलं काढा, अन् आई व्हती तशी द्या मला."

"काका, किती खुलून दिसायल्यात बघा तरी!" विलासराव म्हणाले.

"हळदी-कुंकवाला हिला कुणी दारात उभं करत नव्हतं. आता नथ घालून मसाला विकायला लावता व्हय?"

दुसऱ्या कुणीही मान खाली घातली असती. विलासरावांचे डोळे चमकले. "काय स्टोरी हाय!" मला विलासरावांची किळस आली. मी मूळ फोटो छापून म्हाताऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"लई लहान व्हती की," ते म्हणाले. "माझ्या नातीएवढी."

त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. पाकीट अजून मिळतं. कुंकू, नथ, चुडा जिथल्या तिथे आहे. नव्या छपाईत मागच्या बाजूला एक ओळ तेवढी वाढली आहे: 'माझी आई माझ्या नातीएवढी होती.' आणि तिच्याखाली, शब्द कुणाचे म्हणून, विलासरावांचं नाव.