तिसरा हौद

फोन आला तेव्हा मी सांगलीच्या ऑफिसात, एका परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन हौद काढून डोकं खाजवत बसलो होतो. फोनवर मुक्ता होती, दादाची मुलगी. "बाळूकाका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण कोडं सुटायचंय अजून..."

सर्जेरावदादा माझा थोरला चुलतभाऊ, मिलिटरीतून सुभेदार होऊन कडेगावला परतलेला. पुण्याहून मुक्तानं एक खेळ आणला. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी योद्धा, चोर, मांत्रिक व्हायचं, आपण काय करतो ते बोलायचं, आणि जिथं नशीब लागेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. मला वाटलं, दादा दहा मिनिटांत उठून गोठ्याकडं जाईल. तिसऱ्या रविवारी तो गोष्ट सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसला, तो शेवटपर्यंत उठला नाही.

त्याच्या गोष्टीत राक्षस फार नसायचे. "मारामारी लय केली. आता जरा डोकं चालवा," म्हणायचा. गुहा, बंद दारं, आणि त्यांची कोडी. नियम दोनच: प्रत्येक कोड्याच्या तीन खुणा डोळ्यांसमोर ठेवायच्या, आणि आपल्या मनातल्यापेक्षा वेगळं पण शहाणं उत्तर आलं, तर ते बरोबर. एकदा त्यानं लोखंडी दारासाठी तीन किल्ल्यांचं भलंमोठं कोडं रचलं होतं. वहिनी आमच्यातल्या योद्धा. त्यांनी विचारलं, बिजागऱ्या कुठल्या बाजूला हायत? आणि शेरडांच्या वाड्याचं उचलतात तसं दार उचलून बाजूला ठेवलं. दादानं वहीतलं पान शांतपणे खोडलं, उभा राहिला आणि बायकोला कडक सॅल्यूट ठोकला. वहिनी लाजून चहा टाकायला उठल्या. हा किस्सा मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलाय, की लोक मला पाहून जागा बदलतात.

मी मांत्रिक. अकरा मंत्र येत होते, अकराही चुकीच्या जागी वापरले.

शेवटचं कोडं तीन हौदांचं. डोंगराखाली एका पाटावर एकापुढं एक, एकाच पातळीत तीन हौद, प्रत्येकाला पाणी आत घ्यायची एक झडप. तिन्ही भरले की दार उघडणार. पाणी मोजकं, आणि उघडलेली झडप पुन्हा बंद होत नाही. खुणा: तिसऱ्या हौदाच्या तळातला गाळ सुकून भेगाळलेला, दारही त्याच्याजवळच, आणि भिंतीवर कोरलेली जवानांची रांग पाणी पिते आहे, तर अधिकारी रिकामा मग धरून सगळ्यांच्या मागे. मी पहिल्या हौदापाशी, वहिनी दुसऱ्या, मुक्ता तिसऱ्या; म्हणून मी आधी पहिली झडप उघडायचो. तिथंच पाणी सांडून संपायचं आणि आम्ही परत पायऱ्यांवर. तीन रविवार. दादा नुसता मिशीत हसायचा. चौथा रविवार त्याला मिळाला नाही.

दिवसकार्यानंतर काही आठवड्यांनी मुक्ता म्हणाली, बसूया. दादा प्रत्येक कोड्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून आपल्या मिलिटरीच्या मगात टाकायचा. मी मगात हात घातला, तर वहिनींनी मनगट धरलं. "आधी सोडवा, भावजी. त्यांनी कवा फुकट सांगितलंय?"

त्या सकाळी मी रानात गेलो होतो. पाटाला पाणी आलेलं. माझं रान पाटाच्या तोंडाशी, दादाचं टेलला, पाटाच्या शेवटाला. नियम टेलपासून भिजवत यायचा. पण तोंडाशी रान असलेला माणूस नियम कशाला वाचतो? वर्षानुवर्षं मी आधी माझ्या रानाचं दार काढून पाणी घेतलं, उरलं ते दादाला. तो कधी अवाक्षर बोलला नाही. त्या दिवशी सहज शेवटापर्यंत चालत गेलो. त्याच्या उसाची पानं वाळत आलेली...

चिखलाच्या पायांनीच मी टेबलाशी बसलो होतो. म्हणालो, "मी माझी झडप उघडत न्हाई. आधी तिसरा हौद."

वहिनींनी दुसरी झडप मिटलेलीच ठेवली. मुक्तानं तिसरी उघडली, मगातून चिठ्ठी काढली आणि वाचली. दादाचं टपोरं अक्षर: "आधी शेवटचा हौद. तो भरला की पाणी आपसूक मागं चढतंय. बाळूला सुचंल, येळ लागंल. कुणी सांगू नका."

दादाचा मग अजून टेबलावरच असतो, फासे त्यातूनच पडतात. पाटाला पाणी आलं की मात्र मी माझ्या बांधावर हात बांधून उभा राहतो. टेलवरून वहिनींचा फोन येतो, "पोचलं, भावजी." मगच दार काढतो.