आजाऱ्याच्या शेतातली आवणी

मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. बायको मात्र अंगणवाडी सांभाळून बी.ए. करायला निघाली. पदवी असली तर पर्यवेक्षिका होता येईल, हा एकच ध्यास. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दर रविवारी आमच्या साखरशेतहून जीपने जव्हारला जायची. तिथल्या केंद्रात कॉम्प्युटरवर धडे आणि चाचण्या असत.

केंद्रातल्या सरांनी एक डाव मांडला. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. चाचणी ज्याची त्याने द्यायची, पण जोडीत ज्याला कमी मार्क, तेवढेच दोघांना. म्हणजे हुशाराने मठ्ठाला शिकवायचं, नाहीतर तोही बुडाला.

बायकोच्या जोडीला जव्हारच्या मुसलमान शिंप्याची पोरगी आली. हिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, पण जीभ तिखट. "खाला, नांगर धरलाय का? माउस आहे तो, हळू!"

"तू आधी इतिहास पाठ कर, मग मला हस," ही म्हणायची.

घरी येऊन मला म्हणाली, "अहो, ही तर आपली सावडच की." खरंच होतं. भाताच्या आवणीला, रोपं लावायला, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या.

शेवटच्या चाचणीला पोरगी काविळीने पडली. सावडीतला माणूस आजारी पडला तर त्याचं खाचर आम्ही पडीक ठेवत नाही, बाकीचे लावून देतात. बायकोने तेच केलं. पोरीचा पासवर्ड तिला ठाऊक होता. आधी पोरीची चाचणी दिली, मग स्वतःची. वर सरांना आपणच सांगितलं, "तिचंही उरकलं हो."

सर म्हणाले, "मावशी, तिला शून्य पडलं असतं तर तुम्हालाही पडलं असतं. म्हणून केलंत."

चाचणी दोघींची रद्द. पुढच्या वर्षी बसा म्हणाले. पोरगी बसली, पास झाली. ही गेली नाही. "आजाऱ्याच्या शेतात राबायला गेले, तर म्हणतात भात चोरायला आली," एवढंच बोलली. मी पुष्कळ डोकं फोडलं. ऐकते कुठली?

सर वाईट नव्हते. पण दोघींचं भलं त्यांनीच एका पेंढीत बांधलं होतं. मग त्यातली कुठली काडी कुणाची, हे कसं ओळखणार?

पुढे बायको वारली, तेव्हाही अंगणवाडीची सेविकाच होती. पोरगी भेटायला आली, रडली. "काका, खालाच्या शेतात यायची माझी पाळी राहिली."

मी म्हटलं, "आता शेतच नाही, बाई. चहा घे."