स्वतः पाहिले

आमच्या शाळेतून किती थोर माणसं बाहेर पडली, हे बोर्डाला ठाऊक नव्हतं, शिक्षण खात्याला नव्हतं, त्या थोर माणसांच्या बायकांनाही नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त आमच्या ड्रॉइंगच्या सरांना. शाळेच्या व्हरांड्यात गुणवंत माजी विद्यार्थ्यांचा काळा फलक आहे. तो सर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवत आणि निवृत्त झाल्यावरही ते काम त्यांनी कुणाला दिलं नाही. प्रत्येक नावापुढे कर्तबगारी आणि शेवटी दोन शब्द : ‘स्वतः पाहिले’. सर्टिफिकिटावर त्यांचा विश्वास नसे. एक विद्यार्थी अमरावतीला दातांचा डॉक्टर झाला, तर सर एस.टी.ने गेले आणि चांगली दाढ काढून घेऊन आले. सुजलेल्या गालाने म्हणाले, “हात हलका हाये. लिवाले हरकत नाई.” दुसरा रेल्वेत ड्रायव्हर झाला, तेव्हा त्याच्या पॅसेंजरने बडनेरा ते अकोला गेले, प्रत्येक स्टेशनावर उभे राहून, गाडी थांबताना धक्का बसतो का ते पाहत. वकील झालेल्याची परीक्षा घ्यायला खटला हवा, म्हणून ज्याच्याशी आयुष्यात वाकडं नव्हतं त्या शेजाऱ्यावर त्यांनी बांधाचा दावा लावला. शेजारी आणि सर तारखेला एकाच मोटारसायकलवर जात. निकाल शेवटपर्यंत लागला नाही, म्हणून वकिलाचं नावही लागलं नाही.

मी त्यांचीच विद्यार्थिनी, पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका. माझं नाव फलकावर नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, “बाई, तुमचं काम मी रोज पाहून राहिलो. अजून पक्कं नाई झालं.”

कापसाने तालुक्याचं कंबरडं मोडलं, त्या वर्षांतली गोष्ट. शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे उडाले होते आणि मुलं बाभळीखाली बसत होती. माझ्या दोन वर्ग पुढे असलेला एक जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, मालक पत्रे द्यायला तयार झाला. अट एकच, फलकावर नाव हवं आणि पुढे ‘उद्योगपती’. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सरांना म्हटलं, उद्याच रंगवा. सर दोन दिवस गायब.

आले ते चुरगळलेल्या सदऱ्याने. “बाई, जिनिंगले दोन सालापासून कुलूप हाये. उद्योगपती कसं लिवू?”

“सर, पोरं उन्हात बसतात.”

“मले दिसते. पन खोटं अक्षर माह्या हातून निंगत नाई.”

मग सांगू लागले. कुलूप पाहून परत फिरणार, तोच फाटकाशी माणसं धावत आली. कुणीतरी फवारणीचं औषध प्यायलं होतं. आवारातच राहणाऱ्या मालकाने जीप काढली. सर नियमाप्रमाणे आत बसले, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन, थेट अकोल्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत. माणूस वाचला. जीपचं हे काम दोन वर्षं चालू असल्याचं तिथल्या वॉर्डबॉयनेच सरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर त्याचं नाव होतं. पुढे : ‘जीपगाडीने माणसे वेळेत दवाखान्यात पोचवतो. स्वतः पाहिले.’

मालक बघायला आला आणि लालबुंद झाला. “सर, मी का डायवर हाओ?”

“हाओ. चांगला हाएस.”

“लोक हासतीन न. कारखाना बंद हाये हे साऱ्यायले कयलं आता.”

“थे कयलंच होतं बाप्पा. तुलेच वाटे का कोनाले ठाऊक नाई.”

तो जीप काढून निघून गेला. पत्र्यांवर मी पाणी सोडलं आणि सरांशी आठ दिवस बोलले नाही.

नवव्या दिवशी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत जुने पत्रे, खिळ्यांच्या भोकांसकट. नवे घ्यायची ऐपत त्याच्याकडे कधीची राहिली नव्हती. त्याने जिनिंगचं शेड उतरवलं होतं. ‘उद्योगपती’ म्हणून नाव लागलं असतं, तर ते शेड त्याला उभं ठेवावं लागलं असतं.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर फलकावर एकही नाव चढलं नाही, कारण तसं बघायला जाणारं कुणी नाही. पत्रे मात्र टिकून आहेत. त्यांच्या पन्हाळ्यांत त्या वेळचा कापूस अजून अडकलेला आहे, आणि वारा सुटला की तास चालू असताना एखादा तंतू तरंगत खाली येतो. पोरं पुस्तक सोडून त्याच्याकडे बघत बसतात. मी शिस्तीची बाई आहे, पण तो खाली टेकेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी राहते.