सापडेलभाऊ

सापडेलभाऊंनी उभ्या आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हटलं नसेल. ऐकायला हे बरं वाटतं, पण ज्यांचं काम त्यांच्याकडे अडलं होतं त्यांना विचारा. एखादा तोंडावर ‘नाही’ म्हणतो, आपण मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो आणि घरी जाऊन पडतो. भाऊ मात्र चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “सापडेल न बाई. आज सापडून नाई राह्यलं, एवढंच.” त्या ‘एवढंच’पायी मी चंद्रपूरच्या महापालिका कचेरीचा जिना एक अख्खा उन्हाळा चढले-उतरले. मी शाळेत शिकवते, सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच, आणि आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते मी कशाला सांगू.

घरांच्या बांधकाम परवानग्यांच्या जुन्या फायली भाऊंच्या ताब्यात होत्या. नगर परिषदेच्या काळातले नकाशे आणि मंजुऱ्या लाल फडक्यांत बांधून एका लांबट खोलीत रचून ठेवल्या होत्या. खिडकीतून कोळशाची काळी धूळ यायची, ती रोज पुसली तरी रोज असायची. भाऊंचं खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. खाली टपरीवर विचारलं की तो चहावाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता मानेनंच वर दाखवायचा, “सापडेलभाऊ न? जा वर. पण पाणी पिऊन जा.”

माझं काम एका खोलीचं होतं. वडिलांनी घराच्या मागे एक खोली बांधली होती, तिला लागूनच न्हाणी. आईचे गुडघे गेल्यापासून तिचं सगळं जग त्या खोलीत मावलं. आणि नोटीस आली की ही खोली विनापरवाना दिसते, मंजूर नकाशा दाखवा, नाहीतर पाडण्यात येईल. जमिनीची अडचण नव्हती. निबंधकांच्या कचेरीत शोधाचा अर्ज टाकला तर वडिलांच्या खरेदीखताची नक्कल मिळाली, जागेची आखीव पत्रिकाही निघाली. घर आमचं, जागा आमची, सगळं कागदावर स्वच्छ. फक्त ती खोली बांधायला कुणी हो म्हटलं होतं, तो कागद नव्हता. वडील तो कुठे ठेवला ते सोबत घेऊन गेले. आईचं एकच पालुपद, “तुह्या बाबानं परवानगी काढली होती. त्या दिवशी जिलेबी आणली होती, मले पक्कं आठवते.” आता जिलेबी काही नोटिशीला जोडता येत नाही.

भाऊ शोधायचे, पण कसे? देवा रे. गठ्ठा सोडायच्या आधी त्यावर थाप मारायचे, आत विंचू-किडा असला तर त्याला निघून जायची सवड मिळावी म्हणून. मग दम धरायचे. मग फडकं उलगडायचे आणि पहिल्याच फायलीत अडकायचे. दुसऱ्याच्या घराचा नकाशा त्यांना कादंबरीसारखा लागायचा. “हे पाहा बाई, या माणसानं न्हाणीपेक्षा देवघर मोठं काढलं. आन् हे पाहा, इथी पेरूचं झाड दाखवलं. झाडाले कोन परवानगी मागते सांगा?” मी घड्याळाकडे बघायची. त्यांना रस्त्यात एखादा घरमालक भेटला तर त्यालाही सोडत नसत. “तुमच्या नकाशात मागून पायऱ्या होत्या, त्या कुठी गेल्या?” तो बिचारा दचकायचा. त्याला वाटायचं, आता आपल्यालाही नोटीस येते की काय.

त्यांची आणखी एक खोड होती. गठ्ठा परत बांधताना गाठ कधी घट्ट मारत नसत. नुसता एक सैल वेढा, ओढला की सुटणारा. वरचे साहेब त्यावरून ओरडायचे, कागद सांडतात म्हणून, आणि खरंच सांडायचे. मीही एकदा म्हटलं, भाऊ, नीट बांधा की, असंच माझं काहीतरी कुठेतरी सांडलं असेल. ते म्हणाले, “बाई, गाठ पुढच्यासाठी बांधाची असते. त्याले सोडता आली पाह्यजे.” एवढं बोलून ते डबा उघडायला गेले. डबा भद्रावतीहून एसटीनं त्यांच्यासोबत यायचा, आणि त्यातली अर्धी भाकर ते समोर बसलेल्या अर्जदाराला द्यायचे. मी पहिल्या आठवड्यात नको म्हणत होते. पुढे मी घरून लोणचं आणायला लागले.

नोटिशीच्या सुनावणीची तारीख जवळ आली. वकिलांनी सांगितलं, शोधणं बिधणं सोडा, रेकॉर्डकडून ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लिहून आणा, म्हणजे जुन्या घरपट्टीच्या पावत्यांवर काहीतरी बोलता येईल. एका ओळीचं काम. मी हरखून भाऊंकडे गेले. भाऊंनी ऐकलं आणि मान हलवली. “थे नाई लिहिणार मी.” आयुष्यातला पहिला नकार त्यांनी मलाच द्यावा! माझा तोल सुटला. म्हटलं, भाऊ, तुम्हाला शोधता येत नाही आणि नाही असं लिहिताही येत नाही, मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं? माझी आई तिथे झोपते. उद्या भिंत पाडायला माणसं आली तर तिला उचलून मी कुठे नेऊ?

भाऊ उठले. आमचे दोघांचे चहाचे कप उचलले, बाहेरच्या नळावर धुतले, आणून पालथे घातले. मग बसले. “आमचं गाव माजरीकडं होतं,” ते म्हणाले. “आता तिथी खाण हाये. गाव उठलं तेव्हा माह्या बापाचं अर्धं घर कागदावर दिसलं नाई. साहेब काही वाईट नव्हता. त्यानं एक ओळ लिहून देल्ली, नोंद उपलब्ध नाही. झालं. थे अर्धं घर कधी नव्हतंच. माह्यी माय त्याच अर्ध्यात सयपाक करे. मी तिथीच जलमलो. आता सांगा बाई, मी कुठी जलमलो?”

माझा राग गेला नव्हता, तो घेऊनच घरी आले. त्यांचं दुःख खरं होतं, पण माझी नोटीसही खरी होती. त्या रात्री आईनं विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, सापडेल.

भाऊ निवृत्त झाले ते माझ्या सुनावणीच्या आधीच. निरोपाच्या दिवशी शाल खांद्यावर, नारळ काखेत, आणि भाऊ खाली बसून गठ्ठा सोडतायत. मला पाहून उठले. टेबलावरून एक कागद दिला, सही-शिक्क्यासकट. त्यावर लिहिलं होतं, ‘सदर अभिलेखाचा शोध सुरू आहे.’ मी कपाळाला हात लावला. हा कागद घेऊन वकिलांना तोंड कसं दाखवू?

सुनावणीत साहेबांनी तो कागद उलटा-सुलटा पाहिला. “म्हणजे परवानगी आहे की नाही?” मी म्हटलं, “शोध सुरू आहे, साहेब.” ते वैतागले. रेकॉर्डच म्हणतंय शोध सुरू आहे, मग पाडा असं कसं लिहायचं? पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही शोध सुरूच होता. मग त्याच्या पुढच्या. आमच्याकडे एखादं प्रकरण अडकलं की माणसं रडतात. मी मात्र ते अडकलेलंच राहो म्हणून मारोतीला तेल वाहायला लागले. आई त्याच खोलीत झोपत राहिली, त्याच न्हाणीत भिंत धरून जात राहिली.

आणि भाऊ येत राहिले. निवृत्त माणूस, पण सवलतीचं तिकीट काढून भद्रावतीहून यायचे, खोलीच्या कोपऱ्यात बसून गठ्ठे चाळायचे. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम तरुण होत्या, कामाला चटपटीत. त्यांनी हरकत घेतली नाही, उलट पंखा त्यांच्याकडे फिरवून दिला. मी एकदा म्हटलं, भाऊ, आता कशाला दगदग? “बाई, मी लिहून देल्लं न, शोध सुरू हाये म्हणून. नाई शोधलं तं खोटं ठरन् थे.”

पावसाळा सरता सरता भाऊ गेले. चहावाल्यानं सांगितलं. मी भद्रावतीला घरी गेले, तर दारात त्यांच्या पत्नी बसलेल्या. मी कोण ते सांगायच्या आतच त्यांनी ओळखलं. “लोणच्यावाल्या बाई न तुम्ही? तुमच्या मायची खोली सापडली का?” नाही अजून, मी म्हटलं. त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

मागच्या महिन्यात पुन्हा तारीख लागली, म्हणून मी कागद आणायला कचेरीत गेले. मॅडम भल्या बाई आहेत. माझ्याकडे पाहून त्यांना कीव आली असावी. “किती दिवस चालवणार हे? मी आता स्पष्ट लिहून देते, उपलब्ध नाही. तुम्हीही मोकळ्या, आम्हीही.” याच एका ओळीसाठी मी भाऊंवर ओरडले होते. पेन त्यांच्या हातात होतं, कागद समोर होता, आणि मी दमलेली होते. खरंच फार दमले आहे मी.

“नको मॅडम,” मी म्हटलं. “शोध सुरू आहे, असंच लिहा.”

“अहो, पण आता शोधतंय कोण?”

मी पर्स खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि कोपऱ्यात भाऊंच्या जागी जाऊन बसले. वरचा गठ्ठा ओढला, त्यावर एक थाप मारली, थोडी थांबले. गाठ सैलच होती.