उपाशी बाटल्यांना आवतन

भैयाजीबद्दल लोक आता काहीही सांगतात. म्हणे म्हातारा येडा झाला होता, बाटल्यांशी बोलायचा. बोलायचा, तर तुमच्या बापाचं काय गेलं? मी सव्वीस वर्षं त्याच्यासोबत नोकरी केली, केंद्राचं भांडार अन् कारकुनी दोन्ही माझ्याकडे होतं. म्हणून झालं ते मीच सांगतो.

नागभीडच्या पुढे धानाचं संशोधन करणारं आमचं लहानसं केंद्र. भैयाजी तिथं मजूर म्हणून लागला तो बैलांसाठी. त्याआधी एका मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. बायको कमळा बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. त्यानं पुन्हा घर मांडलं नाही. बैल होते तोवर त्याचं बरं चाललं. मग पॉवर टिलर आला, बैलजोडी लिलावात गेली आणि साहेबांनी याला प्रयोगशाळेत परिचर करून टाकलं. झाडू मारायचा, काचसामान धुवायचं. संध्याकाळी क्वार्टरचं कुलूप उघडायचं, मूठभर तांदूळ शिजवायचे आणि एकट्यानं जेवायचं.

"धनराजभाऊ, भिंतीसंग किती बोलाव मानसानं?" असं एकदा मला म्हणाला. मी काय सांगणार कपाळ? माझं घर पोराबाळांनी भरलेलं.

तीन वर्षांपूर्वी नंदिनी आली. वडसाची पोरगी, बंगळूरच्या एका संस्थेत पीएचडी करत होती. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिखलात जे सूक्ष्मजीव मिथेन वायू बनवतात, त्यांच्यावर तिचं काम. दिसायला जीवाणूसारखे, पण जीवाणू नव्हेत. त्यांचं खानदानच वेगळं, आर्किया म्हणतात त्यांना. हवा लागली की यांचं काम तमाम. म्हणून ते घट्ट रबरी बुचाच्या बाटलीत ठेवायचे आणि सुईनं हायड्रोजन अन् कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. तेच त्यांचं जेवण, आणि ते द्यायचं काम भैयाजीकडे आलं. बाटलीतल्या पाण्यात एक औषध घातलेलं असायचं, हवा शिरली की ते गुलाबी व्हायचं.

भैयाजीच्या हातून तीन वर्षांत एक बाटली गुलाबी झाली नाही. सकाळी सातलाच हजर. एकेक बाटली उचलणार, सुई टोचणार आणि "घ्या बाप्पा, खाऊन घ्या" म्हणणार. रविवारीसुद्धा यायचा.

"रविवारी काऊन येतं बे?" मी चिडवायचो.

"त्याईले रविवार समजते का?"

त्या खोलीत त्याचा चेहरा निराळाच दिसायचा. बैल गेल्यापासून तो असा हसताना मी पाहिला नव्हता.

यंदा पावसाळ्यात नंदिनीनं मोठा प्रयोग मांडला. चहा पिता पिता तिनं आम्हाला समजावून सांगितलं. प्रत्येक जिवात हजारो जनुकं असतात. कोणतं कधी चालू व्हायचं, कधी बंद, याला काही लगाम असतो. जनुक चालू झालं की त्यावरून एक प्रथिन तयार होतं. गंमत अशी की या आर्कियांच्या कितीतरी प्रथिनांचं काम काय, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तिनं असंच एक पकडलं होतं. एरवी ते जनुक गपगार, पण उपास घडला की चालू. कशासाठी, ते कळत नव्हतं. म्हणून बारा बाटल्या. सहांत ते जनुक असलेले जीव, सहांत काढून टाकलेले. सगळ्यांना चाळीस दिवस उपाशी ठेवायचं.

"चाळीस दिवस काहीच नाई?" भैयाजीनं विचारलं.

"फुंकरभर गॅस नाई, भैयाजी. नुसतं पाहायचं."

त्यानं मान हलवली. ती बंगळूरला गेली आणि उपासाच्या तिसाव्या दिवशी पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याला गोठ्यातलं राबणारं जनावर उपाशी राहिलं, तर मालकाच्या घशाखाली घास उतरत नाही. मी सणाला गावी गेलो होतो. परत आलो तर भैयाजी भांडारात येऊन उभा.

"धनराजभाऊ, मी त्याईले आवतन देल्लं. अन् पोळ्याले एकेक सुई गॅस देल्ला."

"अबे! तुले सांगतलं होतं ना!"

"सांगतलं होतं. मले राहवलंच नाई. महिनाभर उपाशी जीव, अन् सणाचा दिवस. माह्या गोठ्यात दुसरं आहे कोन?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

तेहतिसाव्या दिवशी नंदिनी परतली. तिनं बाटल्यांतला वायू मोजला आणि नाचायलाच लागली. जनुक असलेल्या सहाही बाटल्यांत मिथेन, बाकीच्या सहांत काही नाही. "उपाशीपोटी गॅस बनवून राह्यले हे! असं कोणी पाहिलंच नाई!" तिनं लगेच बंगळूरला फोन लावला.

मी भैयाजीला कोपऱ्यात ओढलं. "तोंड उघडू नको. कोणी पाह्यलं नाई. साहेबाले कळलं तर त्या खोलीतून तुले हाकलतीन, ध्यानात ठेव."

त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती खोली गेली तर त्याच्याजवळ उरत काय होतं? दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी नंदिनी अहवाल लिहायला बसली, तेव्हा चपला बाहेर काढून आत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

पोरीच्या तोंडावरचा रंगच उडाला. "भैयाजी, मी हे छापून मोकळी झाली असती! चारचौघांत माही छी-थू झाली असती!" ती रडली. तोही रडला. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "बाराही बाटल्याईले सारखाच देल्ला?"

"हाव. पंगतीत दुजाभाव करते का कोनी?"

तिनं आकड्यांचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला: जेवण बारांना सारखंच, मग मिथेन सहांतच कसं?

साहेबांना संध्याकाळपर्यंत कळलंच. भैयाजीची बदली गोदामात, प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला बंदी. आदेश माझ्याच हातानं लिहिला, लाज वाटते सांगायला. भैयाजीनं न वाचता सही केली.

नंदिनीनं नव्या बारा बाटल्या भरून सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेस तिसाव्या दिवशी तिनं स्वतः एकदा गॅस दिला. निकाल तोच. ज्यांच्यात ते जनुक होतं ते उपासातून दोन दिवसांत उठून कामाला लागले, ज्यांच्यात नव्हतं ते पुढ्यात जेवण येऊनही उठले नाहीत. त्या प्रथिनाच्या कामाचा पहिला माग लागला होता.

डिसेंबरात ती धावतच गोदामात आली. "भैयाजी, तुमच्यामुळं सापडलं! मी साहेबासंग भांडली. बंदी उठली. उद्यापासून तुम्ही परत आत!"

भैयाजी बियाण्याच्या पोत्याचं तोंड शिवत होता. "ते उठलेले सहा जन कसे आहेत?" त्यानं विचारलं.

नंदिनी घुटमळली. "तपासाले त्याईले फोडावं लागते, भैयाजी. बाराही संपले. जुना साठा बंगळूरले पाठवला. माहं इथलं काम झालं आता."

त्यानं दाभण खाली ठेवलं.

"मंग तिथी आता कोन आहे, मॅडम?"

भैयाजीनं दाभण उचलून पोत्याचं राहिलेलं तोंड शिवायला घेतलं.